मुन्नारात घर कोणाचे?

महाराष्ट्रातून केरळदर्शनास निघणाऱ्या सहलींचा जो एक ठरीव क्रम अलीकडच्या काळात रूढ झाला आहे, त्यात कोची, मुन्नार, ठेक्कडी आणि अलप्पुळा ही ठिकाणे अष्टविनायकांसारखी पाठोपाठ येतात आणि मुन्नारच्या वाट्यास त्यांतल्या बहुधा दोन रात्री येतात. एवढ्या अवकाशात मट्टुपेट्टीचे धरण, टॉप स्टेशनवरचे धुके, इरविकुलमच्या रानशेळ्या, चहाचे संग्रहालय, वेलची-मिऱ्यांची खरेदी आणि मळ्याच्या कडेला उभे राहून काढावयाची छायाचित्रे इतके सारे उरकायचे असल्यामुळे, ज्या मळ्यांच्या पार्श्वभूमीवर ती छायाचित्रे निघतात ते कोणी लावले, कोणाच्या जमिनीवर लावले आणि त्यांत दिवसभर राबणारी माणसे संध्याकाळी कोठे परततात, हे प्रश्न मनात येण्यास सवडच उरत नाही. प्रवाशास यासाठी दोष देण्याचा माझा उद्देश नाही. सहलीस गेलेल्या माणसाने महसुली दप्तरे चाळीत बसावे, अशी अपेक्षा कोणी शहाणा करणार नाही. तथापि मुन्नारची गोष्टच अशी आहे की, तेथील जमिनीचा इतिहास वगळून तेथील सौंदर्याविषयी जे काही बोलावे ते अर्धे खोटे ठरते.

मराठी माणसाच्या मनात थंड हवेच्या ठिकाणाची जी प्रतिमा आहे ती महाबळेश्वर-माथेरानवरून घडलेली आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरी पेठ वसवली, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरानचा डोंगर हुडकून काढला, आणि उन्हाळ्याने हैराण झालेल्या साहेबलोकांनी विश्रांतीसाठी तेथे बंगले बांधले. पुढे साहेब गेले आणि त्यांच्या जागी आपण जाऊ लागलो. मुन्नार त्या जातीचे गाव नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, तीन नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव विश्रांतीसाठी कधी वसवलेच नव्हते. ते कामासाठी वसले. प्रथम चहा आला, चहामागून मजूर आले, मजुरांमागून बाजार आला, आणि पर्यटक हा सर्वांत शेवटी आलेला पाहुणा आहे. विश्रामस्थान समजून आपण जेथे पाय ताणून बसतो तो वस्तुतः एका प्रचंड कारखान्याचा अंगणभाग आहे, ही जाणीव ठेवून पाहिले म्हणजे दृश्य तेच राहते, पण त्याचा अर्थ पालटतो.

कोचीहून वर जाणारा रस्ता नेरियमंगलमपाशी पेरियार ओलांडतो, चीयप्पाराचा धबधबा उजवी-डावीकडे कोठेतरी दर्शन देऊन जातो, अडिमाली मागे पडते, आणि मग एका वळणानंतर रान संपून चहा सुरू होतो. हा बदल इतका आकस्मिक आहे की गाडीतील निद्रिस्त मंडळीही जागी होतात. डोंगराच्या डोंगर एकाच उंचीवर कातरल्यासारखे गुळगुळीत, मधून पाऊलवाटांच्या बारीक रेघा, आणि ठरावीक अंतरावर सरळसोट उभे सिल्व्हर ओक. 'काय निसर्ग आहे!' हा उद्गार याच ठिकाणी निघतो आणि तो उद्गार जितका स्वाभाविक तितकाच चुकीचा असतो, कारण त्या दृश्यात आकाश आणि धुके सोडले तर नैसर्गिक असे फार थोडे आहे. मूळचा निसर्ग म्हणजे दऱ्यांतून दाटलेली शोला वने आणि माथ्यांवरची गवताळ कुरणे. ती हटवून येथे चहा आला. सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आला. दूरवर दिसणारी निलगिरीची बने चहाच्या भट्ट्यांना जळण पुरवण्यासाठी लावली गेली. फार कशाला, चहाचे झुडूप हे मुळात झुडूपच नव्हे. मोकळे सोडले तर ते वीस-तीस फुटांचा वृक्ष होते. त्याला कंबरेएवढे ठेवण्यासाठी चार-पाच वर्षांतून एकदा लाकडापर्यंत छाटावे लागते आणि एरवी दर दहा-पंधरा दिवसांनी त्याचे कोवळे शेंडे खुडावे लागतात. ज्या गुळगुळीतपणाने आपले डोळे निवतात तो गुळगुळीतपणा शंभर-सव्वाशे वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, हातांनी राखलेला आहे. हे हात थांबले तर थोड्याच वर्षांत त्या डोंगरांवर रान माजेल आणि मग तेथे छायाचित्र काढण्यास कोणी थांबणार नाही.

ही जमीन चहाकडे आली कशी, हा भाग मोठा उद्बोधक आहे. कन्नन देवन टेकड्या या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख पूंजार येथील राजघराण्याच्या ताब्यात होता, आणि हे घराणे त्रावणकोर संस्थानच्या छत्राखाली होते. जॉन डॅनियल मन्रो हा त्रावणकोरच्या वेलदोड्याच्या टेकड्यांवर नेमलेला अधिकारी. ११ जुलै १८७७ रोजी त्याने पूंजारच्या राजाकडून काही हजार रुपयांच्या मोबदल्यात या मुलखाची सनद लिहून घेतली. क्षेत्र किती, तर सुमारे १ लाख ३७ हजार एकर. लिहून घेताना हेतू कॉफीच्या लागवडीचा सांगितला होता. पुढे कॉफी, सिंकोना, वेलदोडा, घायपात असे नाना प्रयोग झाले, १८८०च्या सुमारास चहाची पहिली लागवड झाली, आणि अखेरीस चहाने बाकी सर्वांना हुसकून लावले. १८९५ मध्ये फिनले कंपनीचा प्रवेश झाला, १८९७ मध्ये कन्नन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी स्थापन झाली, आणि एका अधिकाऱ्याच्या खटपटीतून निघालेल्या त्या कागदाचे रूपांतर एका स्वयंपूर्ण राज्यात झाले. कंपनीचे रस्ते, कंपनीचे दवाखाने, कंपनीचे कारखाने. १९०८ मध्ये कुंडला खोऱ्यातून आगगाडीही धावू लागली. तिने चहाच्या पेट्या टॉप स्टेशनापर्यंत न्याव्यात आणि तेथून त्या रज्जुमार्गाने खाली तमिळ मुलखात उतराव्यात, अशी व्यवस्था होती. १९२४च्या जुलैतील महापुराने ती आगगाडी अशी काही नष्ट केली की ती पुन्हा उभारण्याच्या फंदात कोणी पडले नाही. आज टॉप स्टेशनवर गेलेला प्रवासी स्टेशन कोठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहतो, आणि त्याला भाजलेली मक्याची कणसे मिळतात.

या सर्व व्यवहारात त्या डोंगरांत आधीपासून राहणाऱ्या मुतुवान आदिवासींना कोणी विचारल्याचे दिसत नाही. सनदा लिहिताना रानातल्या माणसांची संमती घेण्याची रीत आपल्याकडेही नव्हती, तेव्हा याबद्दल विशेष नवल वाटण्याचे कारण नाही.

मजूर आले ते तमिळ मुलखातून, तिरुनेलवेली-मदुरेच्या कोरडवाहू गावांतून, आणि बहुतांशी दलित जातींतून. त्यांना आणणारा जो मध्यस्थ, त्याला कंगाणी म्हणत. तो गावी जाऊन कुटुंबांना आगाऊ पैसे देई, त्यांना घाट चढवून आणी, मळ्यात त्यांच्यावर देखरेख करी आणि त्यांच्या मजुरीतून आपला हिस्सा घेई. बीडच्या ऊसतोड मजुरांचा मुकादम आणि त्याची उचल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कंगाणीविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. कंगाणी पुढे कायद्याने आणि काळाने गेला. त्याने आणलेली कुटुंबे मात्र राहिली, आणि आज तेथे मळ्यात उतरणारी स्त्री ही कित्येकदा त्याच मळ्यात खुडणी केलेल्या आजीची नात असते.

तिचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. अंगावर प्लास्टिकचे कापड कंबरेशी घट्ट बांधलेले, पायांत रबरी बूट, डोक्यावरून पाठीवर सोडलेले पोते, आणि हातात एक मोठी कातर, जिच्या पात्याला पाला झेलण्यासाठी पेटी जोडलेली असते. जाहिरातींतून आपण जी नाजूक बोटांची खुडणी पाहतो ती आता दक्षिणेकडील मळ्यांत कमी झाली आहे. ही कातर चालते तेव्हा तिचा खटखट आवाज समोरच्या टेकडीवर ऐकू जातो. पेटी भरली की ती हिसका देऊन पाठीवरच्या पोत्यात रिकामी करायची आणि पुढचे झुडूप धरायचे. उतार असा की नुसते उभे राहण्यासाठीही पायाच्या पोटऱ्या ताठ ठेवाव्या लागतात, पावसाळ्यात जळवा, आणि डिसेंबर-जानेवारीत काही खोऱ्यांत दव गोठून चहाची पाने करपतात तेव्हा काम कमी आणि थंडी अधिक. दिवसातून ठरल्या वेळी पाला वजनाच्या ठिकाणी न्यायचा, मुकादमाने तूक लिहायचे, ओल्या पानांतील पाण्यासाठी वजनात कट धरायचा, आणि त्या कटावरून थोडी कुरबुर व्हायची, हे सारे आपल्या भाजीबाजाराच्या अडतीइतकेच परिचित वाटते. २०१५ साली ठरीव मजुरी होती दिवसाला २३२ रुपये, आणि तिच्यासाठी किमान २१ किलो पाला देणे बंधनकारक होते. साडेचार किलो ओल्या पाल्याचा सुमारे एक किलो चहा होतो हे लक्षात घेतले, तर २३२ रुपयांत साडेचार-पाच किलो चहाचा कच्चा माल खुडून होत होता. आपण सकाळी पितो त्या कपाची किंमत या हिशेबाने एकदा काढून पाहावी.

मात्र मजुरी हा मूळ प्रश्न नव्हे, असे मला वाटते. मूळ प्रश्न घराचा आहे. मळ्यातील मजूर ज्या ओळीच्या खोल्यांतून राहतात त्यांना तेथे 'लयम' म्हणतात. पत्र्याचे किंवा कौलांचे एक लांब छप्पर, त्याखाली भिंतीला भिंत लागून कुटुंबांची बिऱ्हाडे, प्रत्येकास एक खोली, एक चूल मांडण्यापुरती जागा आणि पुढे अरुंद ओटा. ओट्यावर निळे पिंप, सरपणाची मोळी, कुंडीऐवजी फुटक्या बादलीत लावलेली शेवंती. १९५१च्या मळामजूर कायद्याने मजुरांना निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि त्या काळाच्या मानाने ती तरतूद पुरोगामीच म्हटली पाहिजे. परंतु त्या तरतुदीचा दुसरा अर्थ असा की, घर कामाला बांधलेले आहे. काम आहे तोवर घर आहे. वयोमर्यादा झाली, निवृत्ती आली, की खोली सोडायची. नाहीतर मुलाने किंवा सुनेने त्याच मळ्यात हजेरी लावायची. ज्या मुलाने कष्टाने पदवी मिळवली त्याच्या घरातील कोणीतरी एकाने, केवळ आईचे छप्पर टिकावे म्हणून, पुन्हा कातर हाती घ्यावी लागते. आम्हाला मळे दाखवणारा चालक अशाच एका लयममध्ये वाढलेला होता. त्याने आपल्या बायकोला मळ्यात लावले होते, आणि त्याचे कारण विचारता त्याने मजुरीचा नव्हे, खोलीचा उल्लेख केला. चाळीस वर्षे राबलेल्या स्त्रीने निवृत्तीच्या रकमेतून तमिळ मुलखातील ज्या गावी घर बांधायचे ते गाव तिच्या आजीने सोडलेले असते. तिला तेथे ओळखणारे कोणी नसते.

आता यातील खरी विसंगती पाहावी. ज्या केरळात हे घडते ते केरळ म्हणजे भूमिसुधारणांच्या बाबतीत सर्व देशाने ज्याचे उदाहरण घ्यावे असे राज्य. आपल्याकडे कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसेल त्याला जमीन देण्याचे काम कोठे निष्ठेने तर कोठे कागदावरच झाले. केरळाने १ जानेवारी १९७० पासून कुळवहिवाटीची पद्धतच निकालात काढली, आणि त्याहून पुढे जाऊन, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनासही त्या झोपडीभोवतीची जागा स्वतःच्या मालकीची करून घेण्याचा हक्क दिला. खेड्यात ही जागा दहा सेंट, म्हणजे एकराचा दहावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे. लक्षावधी माणसांना यामुळे स्वतःचे अंगण मिळाले. परंतु त्याच कायद्याने मळ्यांना सूट दिली. चहा-कॉफी-रबराचे मोठे मळे तुटले तर परकीय चलन आणि रोजगार दोन्ही जातील, हा त्यामागचा युक्तिवाद तेव्हा निराधार नव्हता. परिणाम मात्र असा झाला की, भाताच्या शेतातील मजूर झोपडीचा मालक झाला आणि चहाच्या मळ्यातील मजूर, दोघांचा पक्ष एक, झेंडा एक असूनही, खोलीचा भाडेकरूसुद्धा झाला नाही.

यावर सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९७१ साली कन्नन देवन टेकड्यांसाठी स्वतंत्र कायदा करून तो सारा मुलूख सरकारने आपल्या ताब्यात घेतला. कंपनीने आव्हान दिले, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. नंतरच्या निवाड्यात चहाची लागवड व तिला पूरक अशी सुमारे ५७ हजार एकर जमीन कंपनीकडे राहिली आणि सुमारे ७० हजार एकर सरकारकडे आली. ही ७० हजार एकर जमीन कशासाठी घेतली, हे त्याच कायद्यात नमूद आहे: शेतीची वाढ, शेतकरीवर्गाचे कल्याण, आणि शेतकरी व शेतमजुरांना वाटप. म्हणजे आज जे मागितले जात आहे ते कोणा आंदोलकाच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नसून, अर्धशतकापूर्वी विधिमंडळाने स्वतः लिहून ठेवलेले वचन आहे.

त्या जमिनीचा बराचसा भाग राखीव वने आणि अभयारण्यांकडे गेला, आणि हे योग्यच झाले. इरविकुलमच्या कुरणांवर एके काळी मळेवाले साहेब शिकार करीत. तेथे १९७५ मध्ये अभयारण्य आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि दक्षिण भारताच्या डोंगरांखेरीज जगात अन्यत्र कोठेही न आढळणारी निलगिरी ताहर ही रानशेळी तेथे आज निर्धास्त चरते. तिच्या विणीच्या काळात उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवतात. मला ही शेळी फार आवडली. तिच्या चालण्यात एक प्रकारचा सरकारी आत्मविश्वास आहे. उरलेल्या जमिनीचे काय झाले, हे मुन्नारच्या आसपासच्या डोंगरकड्यांवर लटकलेली हॉटेले पाहून कोणासही कळते. घरासाठी आणि शेतीसाठी दिलेल्या पट्ट्यांवर पाच-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, खोट्या दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्या गेल्या. २००७ मध्ये मुख्यमंत्री अच्युतानंदन यांनी विशेष पथक पाठवून अतिक्रमणे पाडण्याचा धडाका लावला तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष मुन्नारकडे लागले होते. पण सत्ताधारी आघाडीतच मतभेद माजले आणि काही आठवड्यांत ती मोहीम थंडावली. २०२३ मध्ये तर विधानसभेने जमीनवाटपाच्या कायद्यात दुरुस्ती करून, पट्ट्याच्या अटी मोडून झालेली बांधकामे नियमित करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्यात अनेक लहान दुकानदारांचा आणि घरवाल्यांचा खरा प्रश्न सुटणार होता हे मान्य केले, तरी एवढे उरतेच की, अटी मोडून बांधलेल्या हॉटेलाला आधार देण्यासाठी ज्या राज्याला कायदा करण्याची निकड भासली, त्याला अटी पाळून चार पिढ्या राबलेल्या कुटुंबासाठी ती भासली नाही.

निकड न भासण्याची किंमत ६ ऑगस्ट २०२०च्या रात्री दिसली. इरविकुलमच्या राजमलै भागापलीकडे, जेथे पर्यटकांची बस जात नाही, तेथे पेट्टिमुडी नावाच्या खोऱ्यात ओढ्याच्या काठी लयमच्या ओळी होत्या. अतिवृष्टीत डोंगराचा कडा सुटला आणि त्या ओळी माणसांसह चिखलाखाली गेल्या. सत्तर माणसे गेली. त्यांतील चौघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. वीज आणि संपर्क तुटलेला असल्यामुळे वार्ता बाहेर पोचण्यास सकाळ उजाडली, आणि मुन्नारहून त्या बाजूस जाणारा पेरियवरैचा तात्पुरता पूल पावसाने निकामी झाल्यामुळे मदत पोचण्यास आणखी उशीर झाला. कायमचा पूल २०१८च्या महापुरात गेला होता. मृतांपैकी बहुतेकांचे मूळ गाव तुतिकोरिन जिल्ह्यातील कायतार. त्यांना राजमलैच्या उतारावर एकत्र पुरण्यात आले. दुसऱ्याच रात्री कोळिकोड विमानतळावर विमान धावपट्टीवरून घसरून कोसळले. राज्य सरकारने विमान अपघातातील मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये जाहीर केले, पेट्टिमुडीच्या मृतांच्या वारसांना पाच लाख. या फरकाबद्दल केरळातच तेव्हा पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलणे वाजवी होते. वाचलेल्या आठ कुटुंबांना मग कुट्टियार खोऱ्यात जमीन आणि त्यावर घर मिळाले. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा मनात घोळवली आहे. आठ कुटुंबांना जमीन देता येते, याचा अर्थ ती देण्यास कायद्याची आडकाठी नाही. मग आधी डोंगर कोसळावा लागतो, हा नियम कोणत्या कलमात आहे?

मळ्यांतील स्त्रियांना हे सारे कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणल्याचे निमित्त होऊन हजारो स्त्रिया मुन्नारच्या बाजारात उतरल्या आणि त्यांनी कोची-धनुष्कोडी महामार्ग अडवला. विशेष हे की, त्यांनी कंपनीइतकाच रोष आपल्याच कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांवर धरला आणि त्यांना आंदोलनाजवळ फिरकू दिले नाही. पेम्पिळै ओरुमै, म्हणजे स्त्रियांची एकजूट, असे त्यांनी स्वतःला म्हणवून घेतले. नऊ दिवसांत वीस टक्के पदरात पडले आणि पुढच्या वाटाघाटींत मजुरी ३०१ रुपये झाली. नंतर या एकजुटीत फूट पडली, काही जणी निवडणुकीत जिंकल्या, काही जुन्या संघटनांत परतल्या. चळवळींचे असे होतच असते. पण मळ्यातील मजूर स्त्री मुकी आहे हा समज त्या नऊ दिवसांत कायमचा मोडला.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. केरळातील चहामजुरी देशातील बहुतेक अन्य चहाउत्पादक राज्यांहून अधिक आहे, लिलावात चहाला मिळणारा भाव त्या मानाने वाढत नाही, आणि २००५ मध्ये मळ्यांची तेव्हाची मालक टाटा टी बाहेर पडल्यावर जी नवी कंपनी उभी राहिली तिचे बहुसंख्य भागधारक खुद्द कामगारच आहेत. तेव्हा मालक आणि मजूर असा सरळ सामना येथे राहिलेला नाही. शिवाय मजुराला स्वतःचे घर मिळाले तर तो मळा सोडून जाईल, अशी भीती उघडपणे नसली तरी खासगीत बोलून दाखवतात. या भीतीचे उत्तर सरळ आहे: तो आताही जातोच आहे. तरुण मुले कोची-कोइम्बतूरला जातात, आणि खुडणीसाठी झारखंड-आसामकडून माणसे आणावी लागतात. छपराच्या धाकाने माणूस बांधून ठेवण्याची युक्ती फक्त म्हाताऱ्यांवर आणि सुनांवरच चालते. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. पश्चिम घाटाच्या उतारांवर आणखी बांधकाम नको, हे मलाही मान्य आहे. पण हा आक्षेप पाच मजली हॉटेलाच्या वेळी मौन धरतो आणि चार गुंठ्यांच्या घराच्या वेळी जागा होतो, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका येते. आजचे लयम जेथे उभे आहेत ती जागा ओढ्याच्या काठची आणि उताराच्या पायथ्याची असते. भूगर्भतज्ज्ञांनी पाहून दिलेल्या सपाट जागी घरे हलवणे हीच खरे तर पर्यावरणाची मागणी आहे.

मुन्नारला जाणाऱ्या मराठी मंडळींनी जाऊ नये, असे मी म्हणणार नाही; जावे, पुन्हा पुन्हा जावे. २०३० साली बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी पुन्हा तेथील उतार निळे करील आणि तेव्हा तर एकही खोली रिकामी मिळणार नाही. खोली घेताना मात्र ती इमारत कोणत्या परवान्याने उभी आहे हे विचारावे, आणि सहल काढणाऱ्यांना सांगावे की संग्रहालयाबरोबर एखाद्या लयमचा रस्ताही कार्यक्रमात घाला. तेथे कॅमेरा बाहेर काढू नये, आणि कोणी ओट्यावर बसायला सांगितले तर बसावे. गिऱ्हाईक प्रश्न विचारू लागल्यावर व्यापाऱ्याला उत्तरे शोधावी लागतात, आणि केरळच्या पर्यटनव्यापारात मराठी गिऱ्हाईक आता उपेक्षणीय राहिलेले नाही.

केरळ सरकारला सांगायचे ते एका गुणाकाराचे आहे. नवी कंपनी झाली तेव्हा तिच्याकडे बारा हजारांच्या आसपास कामगार होते. प्रत्येकाचे वेगळे कुटुंब धरून, केरळच्याच भूमिसुधारणांत झोपडीवाल्याला दिले तेवढेच दहा सेंट दिले, तरी लागतात बाराशे एकर. सरकारच्या ताब्यात आले होते सत्तर हजार. त्यातील वने वगळा, कडे वगळा, रानशेळ्यांची कुरणे वगळा, आणि उरलेल्यातून बाराशे एकर मोजून त्या कुटुंबांच्या नावे पट्टे लिहून द्या. १९७१च्या कायद्यात त्यासाठी एका शब्दाचीही दुरुस्ती करावी लागणार नाही.